बाहेरनं कुलूप, आतनं कडी

परगावी कुठं उतरलो की मी आधी खोली बघत नाही, जिना बघतो. किती पायऱ्या, कुठं वळतो, मागनं दुसरी वाट आहे का, आणि असली तर तिच्यावर काय रचून ठेवलंय. मग खोलीत येऊन खिडकीचे गज हलवून बघतो आणि घागरभर पाणी मागून घेतो. लॉजचे मालक म्हणतात, "अण्णा, ऱ्हायाला आलाय का पंचनामा कराया?" म्हणू देत. एकदा एका मालकानं मागच्या जिन्यावर कांद्याची पोती टाकलेली दिसली, तेव्हा मी त्याला भर रस्त्यात असा झाडला, की त्यानं पोती हलवली आणि पाठोपाठ मलाही हलवलं. माझ्या नाकावर राग आहे, गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा सांगतील. पण जिन्याचा हा राग जुना आहे, निपाणीतला आहे, आणि खरं सांगायचं तर माझा माझ्यावरच आहे.

आम्ही बेळगावच्या शहापुरातले विणकर. घरात दोन माग. बाप लवकर गेला. मागावर मी बसायचो आणि आई रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. लग्न होऊन आली तेव्हापासनं, म्हणजे चाळीसेक वर्षं, ती कांड्याच भरत होती. आमच्या घरात विणलेली लुगडी पार सांगली-साताऱ्यापर्यंत नेसली गेली, पण आईच्या अंगावर सदा सुती, फिकं, फाटलं की दांड घालून शिवलेलं लुगडं. बाप असताना परवडलं नाही आणि बाप गेल्यावर चालत नव्हतं.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. निपाणीत एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडं लग्न होतं. मानाची बारा लुगडी आणि नवरीचं एक हिरवं, रेशमी, जरीच्या काठाचं, अशी आमच्याकडं सांगितली होती. बारा झाली. तेराव्याला उशीर झाला. लग्न दोन दिवसांवर आलं, लुगडं मागावरनं उतरलं, पण पदराचे गोंडे वळायचे राहिले. गोंडे वळणं हे आईचं काम. तिच्यासारखा घट्ट आणि सारखा पीळ आमच्या गल्लीत कुणाचा नव्हता.

म्हटलं, "चल तूबी. तिथं खोलीत बसून वळ."

"मी कशाला रं? लग्नघरात मला कोण इचारतंय?"

"लग्नघरात न्हाय नेत. खोलीवर बसायचं."

आमच्यात एक रीत होती. लुगडं विणताना, धुताना, गोंडे वळताना कुणाचाही हात लागू दे, हरकत नाही. पण नवरीच्या लुगड्याची घडी नवरीनंच मोडायची. विधवेनं तर ते गंमत म्हणूनसुद्धा खांद्यावर टाकून बघायचं नाही, तो अपशकुन. आई गोंडे वळायला बसली की सगळी घडी तशीच ठेवून पदराचं टोक तेवढं मांडीवर ओढून घ्यायची. इतक्या वर्षांत तिनं एक घडी मोडली नव्हती. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. हातपाय धुऊन जेवायला बसावं, तशीच ती एक गोष्ट.

त्याच दिवशी तेरा लुगड्यांचं गाठोडं घेऊन सर्व्हिस मोटारीनं निपाणीला पोचलो. बाजारपेठेत एक लॉज होतं. खाली खानावळ, वर माडीवर चार खोल्या. मधे अंधारा बोळ आणि बोळाच्या दोन्ही टोकांना जिने. पुढचा लाकडी, खानावळीतनं वर चढणारा. मागचा दगडी, परसात उतरणारा. पण मागच्या जिन्यावर शेजारच्या वखारीतली पोती थप्पीनं रचली होती. तंबाखूचा चुरा आणि काड्या. त्यातली चार-सहा वर बोळातही आणून टाकलेली. मालक म्हणाला, "हंगाम हाय, आण्णा. चार दिवस नाकाला रुमाल लावायचा." मी हसलो. मुडदा बशिवला माझा, मी हसलो!

दुसऱ्या दिवशी बाजार होता. आईनं पहाटे आंघोळ करून एक लुगडं धुवून परसात वाळत घातलं आणि दुसरं नेसून गोंड्यांना बसली. दोनच लुगडी आणली होती तिनं. मी पायजमा चढवला, सदरा घातला आणि व्यापाऱ्याकडं सांगायला निघालो, की माल दुपारपर्यंत येतोय. निघताना पिशवीतनं कुलूप काढलं.

त्या काळी लॉजात कुलूप मिळायचं नाही. ज्याचं त्यानं घरनं आणायचं आणि किल्ली आपल्या करगोट्याला बांधायची. मालकाकडं दुसरी किल्ली नसायचीच. माझं कुलूप चांगलं वितीएवढं होतं.

आई म्हणाली, "आरं, मी आतनं कडी घालते की. कुलूप कशाला?"

"बाजाराचा दिवस हाय. कोणबी यील, दार वाजवील, तू भोळ्यावानी उघडशील."

"न्हाय उघडत."

"तुला कळत न्हाय, गप बस."

आईला मी असं बोलायचो. घरचा कर्ता होतो ना. बाहेरनं कुलूप ठोकलं आणि आतनं तिनं कडी घातल्याचा आवाज आला. मला बरं वाटलं. आता माल दुहेरी बंदोबस्तात आहे, म्हटलं. 'माल' हाच शब्द माझ्या मनात आला होता, मला अजून आठवतंय.

व्यापाऱ्याच्या ओसरीवर चहाचा पेला हातात घेतो न घेतो, तोच रस्त्यानं कुणीतरी ओरडत गेलं, "खानावळीला आग लागली! खानावळीला आग!" पेला तिथंच टाकला.  तसाच पळत सुटलो. व्यापाऱ्याचा कारकून माझ्या मागनं. बाजाराची गर्दी, बैलगाड्या, मेथीच्या पाट्या. कुणाच्या पाट्या तुडवल्या, कुणी शिव्या दिल्या, काही कळलं नाही. पळताना एक हात करगोट्यावर दाबून धरला होता. किल्ली पडली असती तर संपलंच होतं.

झालं होतं ते असं. बाजाराचा दिवस म्हणून खानावळीत भज्यांचा घाणा चालला होता. तेलाची कढई उतू जाऊन भडकली. भडका लाकडी जिन्याखाली रचलेल्या जळणाला लागला आणि तिथनं जिन्याला. मी पोचलो तेव्हा पुढच्या दारातनं लाल जाळ दिसत होता आणि वरच्या कौलांतनं पिवळट धूर निघत होता. बोळातली तंबाखूची पोती धुमसायला लागली होती. त्या धुरानं रस्त्यावरची माणसंसुद्धा खोकून बेजार झालेली. बाकीच्या खोल्या रिकाम्या, उतारू बाजारात गेलेले. आत एकटी माझी आई.

आणि लोक काय करत होते? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! शेजारच्या कापडदुकानाच्या फळ्यांवर घागरी ओतत होते.

"आये! आयेऽऽ!" मी खिडकीखाली उभा राहून ओरडलो. रस्त्याकडं एकच खिडकी, तिला हाताच्या अंगठ्याएवढे गज.

 परत ओरडलो. मग गजांतनं एक हात बाहेर आला. नुसता हात.

"हाय रंऽ! जित्ती हाय!"

"खिडकीशी ये! तोंड भाईर काड, वारं घे!"

"न्हाय येत."

"का न्हाय?"

 हात आत गेला. मला वाटलं, धुरानं तिचं डोकं फिरलं. माझंही फिरायला लागलं होतं.

परसात धावलो. मागचा जिना म्हणजे पोत्यांची भिंत. वखारीतला एक थोराड हमाल तिथं आला होता. त्यानं काही विचारलं नाही. पहिलं पोतं पाठीवर घेऊन खाली फेकलं आणि म्हणाला, "बगत काय ऱ्हायलाय, वडा!" मी, तो आणि आणखी दोघं. पोतं ओढायचं, मागं ढकलायचं. पायरी मोकळी झाली की पुढचं. बोटांच्या नखांतनं रक्त आलं. कितवं पोतं, किती वेळ, काही सुचत नव्हतं. एवढंच कळत होतं, की वर धूर वाढतोय आणि आईचा खोकला ऐकू येत नाही.

माणूस जाण्याएवढी फट झाली. मी तसाच घुसायला लागलो तर हमालानं मानगूट धरलं. "मराया चाललाय व्हय? टावेल भिजीव. नाकाला बांध. आन् उबा जाऊ नको, भुईला पोट लावून जा. धूर वर असतोय, खाली वाईच वारं असतंय." परसातल्या हौदात टॉवेल बुडवला, तोंडाला बांधला आणि रांगत निघालो. तो माझ्या मागनं.

बोळात काही दिसत नव्हतं. डोळ्यांत कुणी तिखट चोळल्यासारखं झालं. पलीकडच्या टोकाला जिना तडतडत होता. भिंत चाचपत पहिलं दार, दुसरं दार, आणि तिसऱ्यावर माझं कुलूप हाताला लागलं. लोखंड गरम झालं होतं. किल्ली लावली, फिरली. कुलूप काढून फेकलं आणि दाराला धडक दिली.

दार हललं नाही. आतनं कडी.

"आये, कडी काड! मी आलोय!"

"तू एकटाच हायस काय रं?" आवाज अगदी दाराला लागून, आणि शुद्धीतला.

"हमालमामा हायती. काड कडी!"

"त्यास्नी जायाला सांग. मला न्हाय येता येत."

"पाय मोडला काय तुजा?"

 मग म्हणाली, "माज्या अंगावर लुगडं न्हाय."

दाराच्या फटी हाताला लागल्या तेव्हा मला कळलं. धूर आत यायला लागल्याबरोबर तिनं वाकळ फाडून, घागरीत भिजवून उंबऱ्याशी कोंबली होती. बाजूच्या फटी उरल्या, फळ्यांमधल्या उरल्या. मग अंगावरचं लुगडं सोडून, भिजवून, टराटरा फाडून त्याच्या पट्ट्या एकेका फटीत ठासल्या होत्या. विणकराची बाई, कापड कसं फाटतं हे तिला सांगायला नको. त्यामुळंच ती जिवंत होती. आणि त्यामुळंच खिडकीशी येत नव्हती. खाली सगळा बाजार उभा होता.

मी सदरा काढला, बाजूच्या पट्ट्या उपसून फटीतनं आत सारला. "हे गुंडाळ!"

"सदऱ्यानं काय झाकतंय रं?"

"आगं, मग गठुड्यातलं एक नेस की! तेरा लुगडी हायती तुज्याम्होरं!"

"ती दुसऱ्याची हायती. मानाची हायती."

"हातातलं नेस, सुटं हाय ते!"

"ते नवरीचं हाय." आणि मग, एखाद्या लहान पोराला समजावून सांगावं तशी, "मी कशी नेसू रं ते? मी रांडमुंड बाई. उद्या त्या पोरीचं काय बरंवाईट झालं तर?"

मागनं हमाल ओरडला, "जिना पडतोय! या भाईर!" पुढच्या टोकाला काहीतरी कडाडलं आणि बोळात ठिणग्या आल्या. माझं डोकं फुटायची वेळ आली. मी दारावर मुठी आपटल्या. "मग मर तितंच!" म्हणालो. आईला म्हणालो हे. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला तर त्या दिवशी लाजही नव्हती.

"बरं," ती म्हणाली. रागानं नाही. बाजारातनं मीठ आण म्हटल्यावर बरं म्हणावं, तसं.

 खांद्यानं दार मोडायचं बघितलं, पण श्वासच पुरेना. शिसवी दार, लोखंडी कडी. मी तिथं उंबऱ्याशी बसकण मारली. पाठ दाराला लावली. म्हटलं, "मीबी बसलोय हितं. तू निगालीस की निगतो."

"जा रं लेकरा. जा तू."

 खोकला लागला तो थांबेना. टॉवेल वाळून गेला होता. खोकता खोकता ओकारी आली, डोकं जमिनीला टेकलं. आतनं ती हाका मारत होती, माझं घरातलं नाव घेऊन. दोनदा, तीनदा. मी ओ द्यायला तोंड उघडलं आणि नुसता खोकलो.

मग आत रेशमाचा आवाज झाला. खळ दिलेलं कोरं लुगडं पहिल्यांदा झटकलं की एक करकर आवाज होतो. मी जन्मभर तो दुसऱ्यांच्या घरी ऐकला होता. पाठोपाठ कडी वाजली.

दार उघडलं. मला कुणी उभं केलं, हमालानं का आईनं, आठवत नाही. हमालानं गाठोडं पाठीवर मारलं. आई माझं मनगट धरून पुढं रांगत होती, मी मागनं. नऊवार लुगड्याचा कासोटा धड घातलेला नव्हता, कसंबसं गुंडाळलेलं. मोकळ्या केलेल्या पायऱ्या बसूनच उतरलो. परसात आलो आणि वर बोळाचं छत खाली आल्याचा धडाका झाला. आणखी एक चिलीम ओढायला लागतो तेवढा वेळ गेला असता तर आम्ही दोघंही त्याच्याखाली होतो.

जीव भांड्यात पडला आणि मी मान वर केली. परसात पंधरावीस माणसं होती.  आगीकडं कुणी बघत नव्हतं. कुंकू नाही, हातात बांगडी नाही, अशी माझी पंचावन्न वर्षांची आई नवरीचं हिरवंगार लुगडं नेसून उन्हात उभी होती. जरीचा पदर तिनं डोक्यावरनं नाकापर्यंत ओढून घेतला होता.

व्यापाऱ्याचा कारकून म्हणाला, "हे नवरीचं न्हवं? आन् ही बाई... शिव शिव!"

माझी मूठ वळली होती. पण खानावळवाली मावशी, जिचं सगळं डोळ्यांदेखत जळत होतं, ती पुढं आली. तिनं आईला दंडाला धरलं, गोठ्याच्या आडोशाला नेलं आणि आपलं एक जुनं लुगडं दिलं. आई बाहेर आली ती हिरव्या लुगड्याची घडी घालूनच. परसात वाळत घातलेलं तिचं दुसरं लुगडं पोत्यांखाली तुडवून चिखल झालं होतं.

बारा लुगडी व्यापाऱ्यानं घेतली, उन्हात टाकून, धुराचा वास घालवून. तेरावं बघितलंसुद्धा नाही. नवरीला दुसरीकडनं आणलं. आणि चारच दिवसांत लॉजच्या मालकानं मागचा जिना धुवून पुसून मोकळा केला म्हणे. बैल गेला आणि झोपा केला!

संध्याकाळच्या मोटारीनं आम्ही परत निघालो. आई खिडकीशी. मांडीवर फडक्यात बांधलेलं ते लुगडं.  गाव मागं पडल्यावर मला राहवलं नाही.

"एका लुगड्यापायी दार धरून बसलीस. मेली असतीस तर?"

"मेले असते तर कुणी नावं ठिवली नसती," ती म्हणाली. "आता ठिवतील."

 मी म्हणालो, "कुलूप मी लावलं, आये."

"व्हय. लावलंस," ती म्हणाली. जाऊ दे म्हणाली नाही. तिनं तसं म्हणायला हवं होतं असंही मला वाटलं नाही. मी नुसता हातांकडं बघत बसलो.

संकेश्वर गेलं. मोटारीत माणसं दाटीवाटीनं बसली होती, कुणी पेंगत होतं, कुणी पान लावत होतं. आईनं एकदा इकडं तिकडं बघितलं आणि माझ्या कानाशी वाकली.

"एक इचारू? हसू नको."

"इचार."

"तितं आरसा न्हवता," ती म्हणाली. "कसं दिसत हुतं रं मला ते?"

मीही तिच्या कानाशी वाकलो.  म्हटलं, "लई चांगलं दिसत हुतं, आये. लई म्हंजी लई."

"व्हय?" ती म्हणाली, आणि एवढ्या माणसांत, पोटच्या पोरासमोर, तोंडाला पदर लावून लाजली.